भाद्रपदातलं काठमांडू : इंद्रजात्रेचे दिवस

महाराष्ट्रात गौरी परत गेल्या की सगळ्यांचं लक्ष अनंत चतुर्दशीकडे लागतं. नेमक्या त्याच दिवसांत काठमांडूच्या जुन्या शहरात इंद्रजात्रा भरते. भाद्रपद शुद्ध द्वादशीला हनुमान ढोक्याच्या राजवाड्यासमोर इंद्रध्वज उभा राहतो आणि वद्य चतुर्थीला उतरतो. मधल्या दिवसांत कुमारी ही जिवंत देवी, गणेश, भैरव, लाखे नावाचा राक्षस, ऐरावत, अगदी इंद्राची आईसुद्धा रस्त्यावर येते. काठमांडूचे मूळचे नेवार लोक या जात्रेला येँया म्हणतात. दहाव्या शतकातल्या गुणकामदेव राजाने ती सुरू केली, असं परंपरा सांगते.

माघात माझे सासरे गेले. आमच्याकडे वर्षाच्या आत सण करत नाहीत, त्यामुळे यंदा घरी गणपती बसला नाही. पशुपतिनाथाला जायचं सासऱ्यांच्या मनात फार होतं, ते राहून गेलं. शेवटी सासूबाईंनीच विषय काढला, "रिकामं मखर बघत बसण्यापेक्षा त्यांच्या वाटणीचं दर्शन मी घेऊन येते." मग त्या, नवरा आणि मी असे तिघं निघालो.

दशमी

विमान उतरताना खाली डोंगरांच्या कड्यात बसलेलं खोरं दिसतं, पावसाळ्याच्या शेवटी हिरवंगार. साधारण १,४०० मीटर उंची, त्यामुळे हवा महाबळेश्वरसारखी. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं. नेपाळी रुपयाचा दर आपल्या रुपयाशी बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे तिथले १६०, त्यामुळे हिशेब सोपा जातो.

आम्ही बसंतपूरजवळ एका नेवार कुटुंबाच्या घरातल्या खोल्या घेतल्या होत्या. चार मजली अरुंद घर, स्वयंपाकघर सगळ्यात वर. घरच्या दिदींनी सासूबाईंना पहिल्या मिनिटापासून "आमा" म्हणायला सुरुवात केली, आणि सासूबाई त्यांच्याशी सरळ मराठीतच बोलू लागल्या. दोघींचं काही अडलं नाही.

संध्याकाळी असनच्या बाजारातून इंद्रचोकापर्यंत चालत गेलो. असन म्हणजे सहा रस्ते एकत्र येतात ती जागा. मसाले, सुकी मासळी, पितळी दिवे, तांदळाची पोती, आणि मधोमध अन्नपूर्णेचं देऊळ. इंद्रचोकात आकाश भैरवाचं मंदिर आहे. जात्रेच्या काळात इथला भैरवाचा निळा मुखवटा खाली आणून फुलांत मांडतात. हे शिर किरात राजा यलंबरचं, असं इथले लोक सांगतात. तो भारती युद्ध बघायला गेला, हरणाऱ्या बाजूने लढेन म्हणाला, आणि कृष्णाने त्याचं मस्तक उडवलं. बर्बरीकाची गोष्ट आपण ऐकलेली असते, तीच इथे किरातांच्या राजाची होऊन आली आहे.

एकादशी

एकादशीला विष्णूचं दर्शन हवं म्हणून चांगुनारायणला गेलो. काठमांडूच्या पूर्वेला, भक्तपूरच्या वरच्या टेकडीवर हे देऊळ आहे. खोऱ्यातल्या ज्या सात जागा १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांतली ही सगळ्यात शांत. गाडी थांबते तिथून दगडी पायवाटेने वर चढायचं. दोन्ही बाजूंना घरं, दारात मक्याची कणसं वाळत घातलेली.

देवळाची आजची वास्तू १७०२ नंतरची, त्या वर्षी आधीचं देऊळ जळालं. अंगणातली शिल्पं मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या लिच्छवी राजांच्या काळातली आहेत. मंदिराच्या दारासमोर गुडघा टेकून हात जोडून बसलेला गरुड आहे. त्याला पंख आहेत, पण चेहरा माणसाचा, मिशीवाला, गळ्यात सर्प. त्याच्याजवळच्या स्तंभावर मानदेव राजाचा इ. स. ४६४ चा संस्कृत शिलालेख. बाप गेल्यावर आई सती जायला निघाली, मुलाने तिचे पाय धरून तिला थांबवलं, आणि मग तो शत्रूवर चालून गेला, असा प्रसंग त्यात कोरला आहे. नवऱ्याने ही हकिगत सांगितली तेव्हा सासूबाई स्तंभाजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. "त्या आईचं नाव काय?" त्यांनी विचारलं. राज्यवती. त्यांनी हात जोडले ते गरुडाला की तिला, ते मी विचारलं नाही.

त्याच अंगणात त्रिविक्रमाचं शिल्प आहे. एक पाय जमिनीवर रोवलेला, दुसरा आडवा आकाशात गेलेला, पायाशी बळी. उद्या वामन द्वादशी, आणि आज हे समोर. पंचांग घेऊन फिरणाऱ्यांना या खोऱ्यात फार सुख आहे.

उतरताना भक्तपूर. इथे आम्ही दुपारभर होतो आणि तरी अर्धंच पाहिलं. रंजित मल्लाच्या काळातला १७५४ चा सुवर्णद्वार, पंचावन्न खिडक्यांचा वाडा, कुंभारांचा चौक. भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधलेलं न्यातपोल पाच छपरांचं आहे. पायऱ्यांवर खाली दोन पैलवान, वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, मग बाघिनी-सिंघिनी या देवी, प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान. १९३४ आणि २०१५ या दोन्ही भूकंपांत न्यातपोल उभं राहिलं. भोवतीच्या कितीतरी वास्तू पडल्या.

त्याच्या पायऱ्यांवर बसून जुजु धौ खाल्लं. म्हशीच्या दुधाचं, मातीच्या पसरट भांड्यात लावलेलं घट्ट गोड दही. आम्हा तिघांचं ते शहर सोडताना एकमत होतं, की पुढच्या वेळी मुक्काम भक्तपूरला करायचा.

द्वादशी

इंद्रध्वजाचा खांब भक्तपूरच्या पलीकडच्या नालाच्या जंगलातून येतो. सल्ल्याचा, म्हणजे पाइनचा, सरळ वाढलेला वृक्ष. तो आणण्याचा आणि उभा करण्याचा मान मानंधर समाजाचा. हे पूर्वापार तेल गाळणारे, आपल्याकडच्या तेली समाजासारखे. जंगलातून शहरापर्यंत खांब ओढत आणायचा, आणि द्वादशीला ज्योतिषांनी काढलेल्या मुहूर्तावर हनुमान ढोक्यासमोर उभा करायचा.

आम्ही पोहोचलो तेव्हा खांब आडवा होता, दोर बांधलेले, खड्डा तयार. गुर्जूको पल्टन ही जुन्या वेशातली लष्करी तुकडी बाजूला उभी होती. मुहूर्त आला, दोर ताणले गेले, एका सुरात हाका पडू लागल्या आणि खांब इंचाइंचाने उचलला जाऊ लागला. मध्ये एकदा तो एका अंगाला कलला तेव्हा सगळा चौक चिडीचूप झाला. मग दुसऱ्या बाजूचे दोर ओढले गेले, खांब सरळ झाला, वर ध्वज हलला, आणि बंदुकांची सलामी झाली.

सासूबाई म्हणाल्या, "ही गुढीच की." आणि हे खरोखर एकाच कुळातलं आहे. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसूची कथा आहे. इंद्राने त्याला वेळूची काठी दिली, राजाने ती रोवून तिची पूजा केली आणि इंद्राचा उत्सव सुरू झाला. पाडव्याला गुढीची कथा म्हणून आपण हीच सांगतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत इंद्रध्वजावर स्वतंत्र अध्याय आहे. एके काळी राजधान्यांतून होणारा तो उत्सव आज राजधानीच्या चौकात, इतक्या लोकांच्या हातांनी उभा राहताना बघायचा तर काठमांडूलाच यावं लागतं.

इंद्राची इथली गोष्ट मला फार आवडते. त्याच्या आईला पूजेसाठी पारिजातकाची फुलं हवी होती. तो माणसाच्या वेशात या खोऱ्यात उतरला, फुलं तोडू लागला, आणि लोकांनी त्याला चोर म्हणून पकडून बांधलं. देव असल्याचं कुणालाच कळलं नाही. मुलगा येईना म्हणून आई शोधत आली. तिने आपली ओळख सांगितली आणि मुलाच्या बदल्यात दोन वचनं दिली. थंडीत धुकं आणि दव पाठवीन, म्हणजे पिकं जगतील. आणि या वर्षात जे गेले त्यांना माझ्याबरोबर स्वर्गात नेईन. काष्ठमंडप या जुन्या लाकडी वास्तूजवळ मरू टोलमध्ये, म्हणजे मरू आळीत, उंच मंचावर दोन्ही हात पसरून बांधलेली इंद्राची मूर्ती जात्रेभर मांडलेली असते. स्वर्गाचा राजा चौकात बांधून ठेवलेला, आणि खालून लोक भाजी घेऊन घरी चाललेले.

त्या दुसऱ्या वचनामुळे द्वादशीची संध्याकाळ गेलेल्यांची असते. हिला उपाकू म्हणतात. ज्यांच्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं आहे, ते जुन्या शहराच्या शिवेवरून प्रदक्षिणा घालतात. हातात जळत्या उदबत्त्या, वाटेतल्या देवळांपाशी, कोपऱ्यांवर पणत्या ठेवत जायचं. आता ही शीव नव्या इमारतींच्या, दुकानांच्या, वाहनांच्या मधून जाते. वाट मात्र चालणाऱ्यांना पाठ असते.

आम्ही बघायला म्हणून उभे होतो. घरच्या दिदींचे दीर पावसाळ्याच्या तोंडावर गेले होते, त्यांचं सगळं कुटुंब निघालं होतं. दिदींनी सासूबाईंकडे बघितलं, उदबत्त्यांचा अर्धा जुडगा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हिँड्नुस् आमा." चला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पूर्ण वाट त्यांना झेपणारी नव्हती. तरी त्या चालल्या. पुढे भजन म्हणणारी माणसं, मागे तरुण मुलगे, एका बाईच्या कडेवर झोपलेलं मूल. कुणी मोठ्याने रडत नव्हतं, कुणी गप्पही नव्हतं. लोक गेलेल्या माणसाबद्दल साधं बोलत होते, त्याला काय आवडायचं, तो कुठल्या दुकानात बसायचा. एका देवळीत सासूबाईंनी पणती ठेवली आणि सासऱ्यांचं नाव घेतलं. आजवरच्या विधींत त्यांना एवढं मोकळं झालेलं मी पाहिलं नव्हतं. नवरा त्यांच्या शेजारी चालत होता, तोही पहिल्यांदाच वडिलांबद्दल बोलला.

त्रयोदशी

बागमती ओलांडली की पाटण, म्हणजे ललितपूर. तिथल्या दरबार चौकात सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेलं कृष्णमंदिर आहे, सगळं दगडी, एकवीस शिखरांचं. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत, दुसऱ्यावर रामायण कोरलेलं. केशवनारायण चोकातलं पाटण संग्रहालय आवर्जून बघावं. मूर्ती कशी ओळखायची, ओतकाम कसं होतं, हे तिथे इतकं नीट मांडलं आहे की बाहेर आल्यावर त्याच चौकातलं सगळं वेगळं दिसतं.

मला मात्र ओढ होती ती मच्छिंद्रनाथांची. बीड जिल्ह्यात सावरगावला मायंबा गडावर त्यांची समाधी आहे, माझ्या माहेरची माणसं तिथे जातात. घरी नवनाथांची पोथी लागते. आणि हेच नाथ पाटणचे अधिदैवत आहेत. गोष्ट अशी, की गोरखनाथ या खोऱ्यात आले, त्यांचा सत्कार झाला नाही, तेव्हा पाऊस पाडणाऱ्या नागांना दाबून ते त्यांच्यावर ध्यानाला बसले. बारा वर्षं दुष्काळ. गुरू आले तर गोरख उठतील, म्हणून नरेंद्रदेव राजा, बंधुदत्त नावाचा बौद्ध आचार्य आणि एक शेतकरी असे तिघं कामरूपला गेले आणि मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरूला नमस्कार करायला गोरख उठले, नाग सुटले, पाऊस आला. राजा, आचार्य आणि शेतकरी तिघंही लागले, हे इथले लोक सांगायला विसरत नाहीत.

हिंदू त्यांना रातो मच्छिंद्रनाथ म्हणून पुजतात, बौद्ध त्याच लाल मूर्तीला करुणामय लोकेश्वर म्हणून. पुजारी बौद्ध. दरवर्षी वैशाखाच्या सुमारास पाटणमध्ये त्यांचा गगनाला भिडणारा वेताचा रथ निघतो आणि पाऊस मागतो. यात्रेच्या शेवटी जावलाखेलला रथावरून रत्नजडित भोटो, म्हणजे बंडी, चारी दिशांना दाखवतात. ती नागाने एका शेतकऱ्याला दिली होती, पुढे तिच्या मालकीवरून वाद झाला, आणि खरा मालक पुरावा आणेपर्यंत ती देवाकडे ठेव आहे. दरवर्षी दाखवून विचारतात, कुणाची आहे?

यात्रा झाली की देव बुंगमतीला जातो. म्हणून पाटणातल्या ताबहालच्या देवळातून आम्ही बुंगमती गाठली. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यांचं हे गाव. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी पटाशीचा आवाज येतो. २०१५ मध्ये गावाची फार मोठी पडझड झाली होती, अजून काही घरांना टेकू आहेत. बुंगमती आणि खोकना यांच्यामध्ये झाडीत कार्यविनायक आहे. यंदा घरी गणपती नव्हता, पण त्या झाडीत दुर्वा मिळाल्या आणि सासूबाईंनी एकवीस मोजून वाहिल्या.

अनंत चतुर्दशी

मुंबई-पुण्यात मिरवणुकीची तयारी चालू असेल त्या वेळी आम्ही बसंतपुरात एका देवळाच्या पायऱ्यांवर जागा धरून बसलो होतो.

कुमारीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मल्ल राजांची कुलदेवता तलेजू भवानी. तिचं हनुमान ढोक्यातलं देऊळ महेंद्र मल्लाने १५६४ मध्ये बांधलं, सर्वसामान्यांसाठी ते वर्षातून एकदाच, दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, नवमीला उघडतं. मिथिलेतल्या सिम्रौनगढच्या हरिसिंहदेव राजाने तुघलकाच्या स्वारीमुळे राज्य सोडलं तेव्हा, १३२६ च्या सुमारास, ही देवी खोऱ्यात आली अशी कथा आहे. त्या घराण्याचा मूळपुरुष नान्यदेव कर्नाटकातून गेलेला. तलेजूचा धागा दख्खनपर्यंत, आपल्या तुळजाभवानीपर्यंत आणणारे अभ्यासक आहेत. आमची कुलदेवता तुळजापूरची. त्यामुळे सासूबाई निघतानाच ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या.

कुमारीची कथा अशी, की मल्ल राजा रात्री तलेजूबरोबर फासे खेळायचा. त्याच्या मनात पाप आलं, देवी रुसली, आणि पुढे म्हणाली, शाक्यांच्या घरातल्या मुलीत मला बघ. म्हणून कुमारी ही बौद्ध शाक्य कुळातली लहान मुलगी असते, बत्तीस लक्षणं बघून निवडलेली. वयात येण्याआधी तिचं देवीपण उतरतं आणि ती घरी परत जाते. तिचं राहतं घर, कुमारी घर, जयप्रकाश मल्लाने १७५७ मध्ये बांधलं. या रथयात्रेची सुरुवातही त्याचीच. आणि १७६८ मध्ये याच जात्रेच्या दिवशी पृथ्वीनारायण शाहची फौज शहरात शिरली. जयप्रकाश पळाला, नव्या राजाने कुमारीचा प्रसाद घेतला आणि जात्रा पुढे चालू झाली.

एवढ्या लहान मुलीने बालपण असं काढावं का, हा प्रश्न मला तिथे बसूनही सुटला नाही. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तिच्या शिक्षणाचा आणि इतर हक्क अबाधित ठेवण्याचा निर्णय दिला, आता तिला घरी शिकवायला शिक्षक येतात. माझ्या मते हे पाऊल योग्य आहे आणि अजून पुढे जायला हवं. श्रद्धा ठेवूनही हे म्हणता येतं.

दुपारनंतर चौकात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. हलचोकहून आकाश भैरवाचे सव भक्कू नर्तक आले, तलवारी घेऊन, धिम्या ढोलाच्या ठेक्यावर डोलत. मग वेताच्या सांगाड्याचा ऐरावत, पुलुकिसी, आत दोन माणसं. तो मालकाला शोधत गर्दीत सैरावैरा धावतो, शेपटीचा फटका बसला तर लोक हसतात. मजिपा लाखे लाल केसांचा राक्षस, पण मुलांचा रक्षणकर्ता. एक मुलगा त्याला चिडवत पुढे पळतो. गच्चीतून राष्ट्रपती बघत होते. राजेशाही असताना इथे राजा उभा राहायचा.

आणि मग कुमारी. पांढऱ्या कापडाच्या पायघड्यांवरून, जमिनीला पाय न लावता तिला रथात नेलं. लाल वस्त्र, कपाळावर रंगवलेला तिसरा डोळा, चेहऱ्यावर हसू नाही, भीतीही नाही. पुढे गणेशाचा रथ, मग भैरवाचा, दोन्हींत लहान मुलगेच बसलेले. मग तिचा. रथ ओढले गेले तशी एक लाट चौकभर गेली. सासूबाईंनी ओटी दुरूनच दाखवली, मग ती कुमारी घराच्या दारात दिली. एका दिवशी इकडे गणपती पाण्यात जातो आणि तिकडे गणपतीचा रथ देवीच्या पुढे चालतो, हे मी आता कुठल्याही चतुर्दशीला विसरणार नाही.

रात्री हनुमान ढोक्यात श्वेत भैरव. भिंतीतला हा प्रचंड सोनेरी मुखवटा रणबहादुर शाहने १७९५ मध्ये बसवला. एरवी जाळीआड असतो, जात्रेत उघडा होतो. त्याच्या तोंडातल्या नळीतून तांदळाची थ्वँ, घरगुती दारू, प्रसाद म्हणून वाहते. तरुण मुलं एकमेकांच्या खांद्यांवर चढून तोंड उघडून उभी. त्यात एक लहान मासा सोडलेला असतो, ज्याच्या तोंडात येईल तो भाग्यवान. आम्ही लांबून समय बजीचा, म्हणजे प्रसादाच्या फराळाचा, द्रोण घेतला. चिउरा म्हणजे जाड पोहे, काळे भटमास म्हणजे सोयाबीन, आलं, आणि 'बारा' नावाचं डाळीचं धिरडं. मांसाचा भाग दिदींनी आमच्यासाठी आधीच काढून ठेवला होता.

पौर्णिमा

आज रथ वरच्या शहरात, असन, केल टोल, इंद्रचोक या वाटेने. केल टोलमध्ये जनबहालचं देऊळ आहे, तिथे पांढरे मच्छिंद्रनाथ.

रात्री डागिन निघते. मुलाला शोधणाऱ्या इंद्राच्या आईची ही मिरवणूक. मुखवटा घातलेली आई झपाझप पावलं टाकत मरूहून निघते, शहरातून फिरते आणि परत येते, मागे वर्षभरात माणूस गमावलेली माणसं. ती मरूला परतली की बौमत निघते, वेताचा लांब सर्प, त्याच्यावर दिव्यांची ओळ. हेही मानंधरांचंच काम. कथेत आई त्या जिवांना घेऊन निघते, पण ते इंद्रदहाच्या तळ्यात पडतात, म्हणून लोक रात्रीच दहचोकच्या टेकडीवर स्नानाला जातात. आम्ही तिथवर गेलो नाही.

प्रतिपदा ते तृतीया

आपल्या पंचांगात पितृपक्ष लागला. पशुपतिनाथाला गेलो. चतुर्मुख लिंग, चार दारं, आतले भट्ट पुजारी परंपरेने कर्नाटकातले. सासूबाईंनी सासऱ्यांच्या नावाने अभिषेक केला आणि मग आर्यघाटासमोरच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. पलीकडे चिता जळत होत्या. त्या परत आल्या तेव्हा भूक लागली म्हणाल्या.

स्वयंभू आणि बौद्धनाथ घाईत झाले. स्वयंभूवरून खोऱ्याचा आकार समजतो. इथे पूर्वी तळं होतं, मंजुश्रीने चोभारला तलवारीने डोंगर कापला आणि पाणी गेलं, ही कथा. भूगर्भशास्त्रज्ञही इथे प्राचीन सरोवर होतं असंच सांगतात.

काष्ठमंडप या दिवसांत नीट पाहिला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो पूर्ण कोसळला होता. लोखंड-सिमेंटचा आग्रह बाजूला सारून, जुन्या पद्धतीने लाकडातच तो पुन्हा उभा करायचा, यासाठी इथल्या लोकांनी भांडून काम हातात घेतलं आणि २०२२ मध्ये पूर्ण केलं. आत मधोमध गोरखनाथ. खांब हाताला गुळगुळीत लागतात, लाकडाचा वास अजून नवा आहे.

इतकं सगळं टिकतं कसं, याचं उत्तर म्हणजे गुठी, नेवारांची सामाईक धर्मादाय संस्था. खांब मानंधरांचा, हत्ती किलागलचा, लाखे मजिपाटचा, कुमारी शाक्यांची. प्रत्येक कामामागे एक गुठी, तिच्या जमिनीच्या उत्पन्नातून खर्च, आणि घराघरात पाळीने येणारी जबाबदारी. पालखी सोहळ्यात मानकरी आणि दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, त्याची आठवण येते. २०१९ मध्ये सरकारने गुठ्यांच्या जमिनी ताब्यात घेण्याची वाट मोकळी करणारं विधेयक आणलं, तेव्हा हजारो नेवार वाद्यं घेऊन काठमांडूच्या माइतीघर चौकात उतरले. सरकारला ते मागे घ्यावं लागलं. मला वाटतं, आपल्या गावांतल्या देवस्थानांच्या इनाम जमिनींचं काय झालं, हे माहीत असलेल्या कुणालाही ती लढाई लगेच समजेल.

चतुर्थी

शेवटचा रथ नानिचाया, किलागलच्या वाटेने. जयप्रकाशने आपल्या एका आवडत्या स्त्रीसाठी ही वाट वाढवली, असं सांगतात. रथ परतल्यावर कुमारी राष्ट्रपतींना टिळा लावते. त्याच रात्री इंद्रध्वज उतरतो. पुन्हा तेच मानंधर, तेच दोर. खांब आडवा झाल्यावर लोक त्याला हात लावायला धावले, आणि तो ओढत टेकू भागातल्या दोभानकडे, म्हणजे नदीसंगमाकडे, नेला गेला.

ज्यांना जायचं असेल त्यांनी शुद्ध दशमीपर्यंत पोहोचावं आणि वद्य चतुर्थीपर्यंत राहावं, मधले दिवस पाटण-भक्तपूरला द्यावेत. मुक्काम जुन्या शहरातच हवा, कारण रात्रीच्या जात्रा चालतच बघाव्या लागतात. चतुर्दशीला दुपारी लवकर जाऊन देवळाच्या पायऱ्यांवर बसावं. खांबाचा मुहूर्त दरवर्षी बदलतो, तो आदल्या दिवशी घरमालकांना विचारावा. आणि घरातलं कुणी त्या वर्षात गेलं असेल, तर द्वादशीच्या संध्याकाळी उदबत्त्यांचा जुडगा जवळ ठेवावा.